सतरा खुर्च्या

माझं काम खुर्च्यांचं.
लग्न असो, मयत असो, सभा असो,
चर्चच्या खोलीतून सायकलवर सहा-सहा बांधून
प्लास्टिकच्या सतरा खुर्च्या मी नेतो.
त्यातली एक पायाला तडकलेली,
ती कुणाला द्यायची हे माझं मी ठरवतो.
कासितू नदीच्या ह्या काठावर
एकवीस वर्षांच्या पोराकडे
एवढीच सत्ता असते.

त्या दिवशी कंपनी आली.
तीन खुर्च्या तिला, तडकलेली दुभाष्याला,
हातांची गावप्रमुखाला, बाकीच्या म्हाताऱ्यांना.
आम्ही मसुकूच्या झाडामागे उभे,
वाढप्याला कुणी जेव म्हणत नाही, तसे.

कंपनीचा माणूस वाईट नव्हता, हे सांगायला हवं.
त्याने वाकून माती हातात घेतली,
म्हणाला, मॅकाडेमिया. म्हणाला, रोजगार.
म्हणाला, तरुणांसाठीच तर हे सगळं.
तेव्हा सगळ्यांनी मान वळवून
आमच्याकडे पाहिलं,
बाजारात बकऱ्यांचे दात पाहतात
त्या नजरेने.

मग कागद. पन्नास वर्षं.
शाईची डबी उघडली.
म्हातारा चिपेटा अंगठा कोटाला पुसत होता,
आधीच.

आणि वेझी म्हणाली, थांबा.
वेझी न्यिरेंडा. मझुझूला दोन वर्षं शिकून
फी संपली म्हणून परत आलेली,
जिला आम्ही अर्धी मॅडम म्हणायचो.
पान अकरा वाचा, म्हणाली. तुंबुकात वाचा.
दुभाषा घुटमळला. खुर्ची कुरकुरली.
शेवटी तिनेच वाचलं :
सदर जमीन रिकामी आहे.

रिकामं
आमच्याकडे भांडं असतं, पोट असतं.
जमिनीपाशी तिचीही जीभ अडखळली.

तिने दप्तरातून नकाशा काढला.
वहीची नऊ पानं, गोंदाने जोडलेली.
तीन रविवार आम्ही सहा जण पायी फिरलो होतो,
फोनमध्ये एकेक खूण टिपत
(घरी वाटायचं, मी पोरींच्या मागे असतो).
इथे मुंथालींचा भोपळ्याचा वाफा.
इथे लुसुंगूच्या मधाच्या पेट्या, चौदा.
इथे पाऊस लागला की बायका अळंबी वेचतात.
इथे जुनी थडगी, आणि इथे एक लहान,
नाव नसलेलं.
त्यावर कुणी काही बोललं नाही.

वेझी नको म्हणाली नाही.
हे मला फार नंतर उमजलं.
पन्नास नाही, दहा, म्हणाली, मग पुन्हा बसू.
ओढ्याच्या वरच्या अंगाला एकही झाड नको.
रोपं आम्ही वाढवू, तुम्ही विकत घ्या.
आणि आमचेही पैसे घ्या.

तीन कुलपांची पेटी तिने मातीत ठेवली.
एक किल्ली माझ्या गळ्यात होती.
आठवड्याला पाचशे क्वाचा, दोन वर्षं,
त्यात खुर्च्यांचं भाडंही होतं माझं.
मजुरी तर तुम्ही देणारच होतात, म्हणाली,
आम्हाला हिस्सा हवाय.

कुणीतरी हसलं. पेटी लहानच होती,
झाकणावर बिस्किटांचं चित्र.

अंगठा त्या दिवशी उमटला नाही.
उठताना चिपेटा म्हणाला,
पोरी, हे आधी नाही का सांगायचं?
ती म्हणाली, खुर्ची कुठे होती?
माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.
तरी मी खाली पाहिलं.

गाडी धुरळा उडवत गेली.
नऊ आठवडे झाले, निरोप नाही.
येतील. किंवा पलीकडच्या गावाला जातील,
जिथे पान अकरा कुणी वाचत नाही.
लुसुंगू परवा तिकडे गेलाय, सायकलवर,
नकाशा कसा काढायचा ते दाखवायला.

आम्ही चारशे पिशव्या भरल्यात मातीने.
मॅकाडेमियाचं बी फुटायला फार वेळ लावतं.
सारखं उकरून पाहू नकोस, वेझी ओरडते.

मी पाहतो.